परळ भोईवाड्यातलं झेरॉक्सचं दुकान: ऑनलाइन कामं करून घ्यायची असतील तर इथे जा

ऑनलाइन कामं करून देणारी दुकानं आता मुंबईत गल्लोगल्ली झालीत. आधार प्रिंट, पॅनकार्ड, अकरावीचा फॉर्म, हयातीचा दाखला, रिचार्ज, लाइट बिल, सगळं एकाच टेबलावर. त्यातलं चांगलं कुठलं हे ओळखायची माझी एकच खूण आहे, ओटीपी कोण टाकतं ते बघायचं. तुम्ही टाकता की दुकानदार तुमचा फोन हातात घेऊन स्वतःच सगळं दाबत बसतो. भोईवाड्यातल्या या दुकानात मी बरीच वर्षं जातेय, माझे स्वतःचे कागद, सासूबाईंचे, आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांचे, आणि तिथे फोन कायम ज्याचा त्याच्याच हातात राहिलेला बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

दुकानाला तसं नाव नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात झेरॉक्स एवढंच आहे, खाली बारीक अक्षरात कलर प्रिंट, लॅमिनेशन, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. एका कोपऱ्यात पीसीओच्या, म्हणजे पैसे देऊन फोन लावायच्या बूथच्या जमान्यातली पिवळी पट्टी अजून आहे, अक्षरं उडालीत पण एसटीडी आयएसडी वाचता येतं. एरियात कोणालाही झेरॉक्सवाले काका विचारलंत तर बरोबर आणून सोडतील. काका आणि त्यांचा भाचा असे दोघंच. जागा एवढीशी, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं.

काकांनी हे दुकान पीसीओ बूथ म्हणूनच चालू केलं होतं. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट चालू केलं, पण त्या काळात इथे इंटरनेट कोणाला माहिती होतं, इथे लाइन लागायची ती रात्री अकरानंतर, कारण तेव्हा एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा रेट पाव व्हायचा. गिरणीत कामाला असलेली माणसं गावाला फोन लावायला यायची, कोणी कोकणातलं, कोणी साताऱ्याकडचं, आणि गावात फोन पण एखाद्याच्याच घरी, मग तो माणूस जाऊन बायकोला किंवा आईला बोलावून आणणार, तेवढा वेळ इकडे मीटर पळतोय. म्हणून आधी एक छोटा फोन करून निरोप द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी परत लावायचा. काका त्यांचा नंबर मधल्या वेळात लाइनीत धरून ठेवायचे. मग मोबाइल आले, २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशात कुठेही एक रुपया मिनिट केलं, बूथ संपला. काचेची केबिन काढून तिथे कॉम्प्युटर बसवले, दहावी बारावीच्या निकालाच्या दिवशी पोरं बाहेर फुटपाथपर्यंत उभी असायची. मग २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की पैसे देऊन सायबर कॅफेत कोण बसणार, ते पण संपलं.

खरं तर तेव्हाच दुकान बंद व्हायला हवं होतं ना. सगळं फोनमध्ये आलं म्हणजे दुकानाची गरज संपली असंच कोणालाही वाटेल. पण झालं उलटं, गर्दी तिथून वाढली. कारण सरकारी कामं, पेन्शन, ॲडमिशन, योजना सगळं ऑनलाइन झालं आणि फॉर्म भरणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. फोटो ५० केबीच्या आत पाहिजे, सही वेगळी स्कॅन पाहिजे, पीडीएफ एकच पाहिजे, नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं चालणार नाही, मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. ज्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल छान जमतो त्यालाही हे जमेलच असं नाही, आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नाही. आमच्या सासूबाई रोज भाचीला नाशिकला व्हिडिओ कॉल लावतात, स्वतःहून, पण पोर्टल उघडलं की घाबरतात, कारण कॉल चुकला तर परत लावता येतो आणि फॉर्म चुकला तर पैसे थांबतात.

आता या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. काकांच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. एक त्यांच्या बाजूला आणि एक जुना मॉनिटर गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून ठेवलेला, दोन्हीवर एकच दिसतं. ते टाइप करतात तेव्हा तुमचं नाव, जन्मतारीख, खाते नंबर तुमच्या डोळ्यासमोर उमटतो. ते थांबतात आणि बोलतात, वाचा. वाचता येत नसेल तर स्वतः मोठ्याने नाव वाचून दाखवतात, पण खाते नंबर कधीच मोठ्याने वाचत नाहीत, पासबुक स्क्रीनला लावून बोट ठेवत ठेवत आकडे जुळवतात. लाइनीत पाच माणसं उभी असताना हे करायला धीर लागतो. मी दुसऱ्या एका दुकानात, नाव घेत नाही, बघितलंय की तो माणूस लाइनीत सगळ्यांसमोर ओरडून विचारतो, आधारचा पासवर्ड काय टाकू, नाव आणि जन्मसाल सांगा. आता ई आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हे सगळ्यांनाच माहिती आहे, पण म्हणून ते चारचौघात ओरडायचं का. इथे तुम्हाला कीबोर्ड पुढे सरकवून देतात, तुम्हीच टाका.

ओटीपीचं पण तसंच. काउंटरवर एक कागद चिकटवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात, ओटीपी आणि पिन स्वतः टाकावा, आम्हाला सांगू नये. सुरुवातीला लोकांना राग यायचा, तुमच्यावर विश्वास आहे हो काका, टाका तुम्हीच. ते ऐकत नाहीत. एकदा एक आजोबा फारच मागे लागले तेव्हा काका बोलले, आज मला सांगाल, उद्या फोनवर कोणाला पण सांगाल. मला हे फार पटलं. कारण फसवणारे लोक याच सवयीवर जगतात. लाइट कापणार आहे, केवायसी संपलंय, आरटीओचं चलान आहे ही फाइल उघडा, अशा मेसेजमधून एपीके फाइल येते, म्हणजे खरं तर एक ॲपच, ती फोनमध्ये टाकली की ओटीपी परस्पर वाचला जातो. आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका काकांचे असेच पैसे गेले, ते पोलीस स्टेशन शोधण्याच्या आधी घाबरून इथेच धावत आले, आणि इथून लगेच १९३० ला फोन लावला गेला. सायबर फसवणुकीसाठीचा हा हेल्पलाइन नंबर आहे आणि त्यात वेळ महत्त्वाची असते, पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. सगळे नाही पण काही पैसे अडकवले गेले. हा नंबर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा. आणि यूपीआयवर पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, पिन पैसे जायला लागतो, हे पण सांगून ठेवा. काका हे दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, क्यूआर स्कॅन करताना.

सासूबाईंच्या हयातीच्या दाखल्याचं सांगते कारण बऱ्याच जणांना तेच काम असतं. सासरे गिरणीत होते, ते गेल्यावर सासूबाईंना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन स्कीमची विधवा पेन्शन चालू झाली. रक्कम थोडीच असते, या स्कीममध्ये किमान पेन्शन हजार रुपये हे २०१४ मध्ये ठरलेलं, पण ती त्यांची स्वतःची आहे, त्यातून त्या नातवंडांना वाढदिवसाला पैसे देतात, ती थांबली तर त्यांचा जीव वरखाली होतो. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन सही करायची, जीवन प्रमाण हा ऑनलाइन दाखला २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये चालू झाला तेव्हापासून बोटाचा ठसा देऊन घराजवळ काम होतं. पण सासूबाईंच्या बोटाचा ठसा उमटतच नाही. त्यांनी खूप वर्षं खानावळ चालवली, गिरणीतल्या माणसांचे डबे, रोज ढीगभर भाकऱ्या आणि राखेने भांडी घासणं, बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. एका ठिकाणी त्यांना सरळ सांगितलं, आजी तुमचा अंगठा लागत नाही, बँकेत जा. त्या रडवेल्या होऊन घरी आल्या होत्या.

काकांनी काय केलं तर आधी ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली, कोरडी केली, मग एक एक करून सगळी बोटं लावून बघितली. मशीनवर लाल दिवा लागायचा आणि सासूबाई हात मागे घ्यायच्या, काका बोलायचे, मावशी घाई नाही, परत ठेवा. एकही बोट लागलं नाही. मग बोलले, चला उजेडात. त्यांना पायरीवर खुर्ची दिली, फोनमध्ये चेहऱ्याने ओळख पटवायचं ॲप उघडलं, आणि माझ्या हातात फोन देऊन बोलले, तुम्ही धरा, चेहरा गोलाच्या आत येऊ दे, मावशी, आता डोळे मिचकवा. सासूबाईंनी इतके जोरात डोळे मिटले की पहिल्यांदा फेल गेलं. मग त्यांनी चष्मा काढला, पदर नीट केला, परत बघितलं, आणि झालं. स्क्रीनवर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर आला तेव्हा काकांनी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि त्यांचं नाव त्यांना वाचायला लावलं. प्रिंटच्या मागे पेनाने तारीख लिहून दिली आणि सांगितलं, ईपीएस वाल्यांना नोव्हेंबरमध्येच यायची गरज नाही, वर्षात कधीही द्या, दिला त्या दिवसापासून एक वर्ष चालतो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आम्ही दरवर्षी नोव्हेंबरच्या गर्दीतच जात होतो. सरकारी पेन्शनवाल्यांना मात्र नोव्हेंबरच, आणि ८० वर्षांच्या वर असाल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो.

आणि पुढचं ऐका. पैसे देताना काकाच बोलले, पुढच्या वर्षी इथे कशाला येता, घरीच करा, फोनवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाण आणि एक आधार फेस आरडी, पीपीओ नंबर म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर आणि बँक खाते नंबर जवळ ठेवा, तुम्हाला जमेल. म्हणजे स्वतःचं गिऱ्हाइक स्वतःहून घरी पाठवलं. पुढच्या खेपेला मी खरंच घरी खिडकीजवळ बसवून केलं, झालं. ज्याला जमण्यासारखं आहे त्याला शिकवायचं आणि ज्याला जमणार नाही त्याचं स्वतः करायचं, असं काकांचं चालतं.

म्हाडाने २०२३ मध्ये गिरणी कामगार आणि वारसांकडून घरांच्या पात्रतेसाठी कागदपत्रं ऑनलाइन पण मागवली तेव्हा इथली परिस्थिती बघायला हवी होती. लालबाग, करी रोड, शिवडी सगळीकडची म्हातारी माणसं आणि त्यांची पोरं प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन येत होती. पिशवीत काय, तर गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरची चिठ्ठी, लाल पास, हजेरी पास, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद. घडीवर फाटलेले, कडेला वाळवी लागलेले. काही जणांच्या कागदावर १९८२ च्या संपाच्या आधीचे शिक्के. काका एकेक कागद दोन्ही हातांनी उचलायचे, काचेवर ठेवून हलकेच सरळ करायचे, रंगीत स्कॅन करायचे कारण काळापांढरा केला की जांभळ्या शाईचा शिक्का दिसतच नाही. भाच्याला त्यांनी हे शिकवलं, शिक्का दिसला पाहिजे, बाकी सगळं नंतर. एका बाईने नवऱ्याचा पास लॅमिनेट करून मागितला तर सरळ नाही बोलले, ओरिजिनल कधी लॅमिनेट करायचं नाही ताई, एकदा चिकटलं की सुटत नाही आणि उद्या कोणी मूळ कागद तपासायला मागितला तर काय दाखवाल, मी तुम्हाला त्याची कलर कॉपी लॅमिनेट करून देतो.  माझ्या मते त्या महिन्यात या दुकानाने जे केलं ते एखाद्या ऑफिसने करायला हवं होतं.

लाडकी बहीणच्या वेळी पण असंच. जुलै २०२४ मध्ये फॉर्म चालू झाले तेव्हा अफवा इतक्या होत्या की बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि डोमिसाइलसाठी कुठे कुठे फिरत होत्या, एजंटला पैसे देत होत्या. मग नियम बदलला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, डोमिसाइलच्या जागी जुनं रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला यातलं काहीही चालेल, मुदत पण ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. काकांनी ते हाताने लिहून शटरला लावलं. दाखला काढायला निघालेल्या कितीतरी बायका ते वाचून परत गेल्या. नंतर पैसे आले नाहीत म्हणून लाइन लागली, तेव्हा पण शिव्या न देता एकेकीचं बँक सीडिंग तपासून दिलं. म्हणजे काय तर असे सरकारी पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नाही, आधारला जे खातं जोडलंय त्यातच जातात, आणि बऱ्याच जणींचं आधार कधीकाळी उघडलेल्या भलत्याच खात्याला जोडलेलं होतं. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंचे पैसे असेच जुन्या, त्या विसरून गेलेल्या खात्यात साठत होते. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारवाल्यांच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, फुकट आहे, घरी पण होतं.

ॲडमिशनच्या सीझनला दुकान वेगळंच असतं. मुंबईत अकरावी २००९ पासून ऑनलाइन आहे, २०२५ पासून तर अख्ख्या राज्यात झाली. पार्ट वन मध्ये माहिती, पार्ट टू मध्ये कॉलेजचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. काका कॉलेज सुचवत नाहीत, कितीही विचारा. ते फक्त मागच्या वर्षीचा कटऑफ उघडून ठेवतात, आणि फॉर्म लॉक करायच्या आधी पोराला, आईबापाला नाही हा, पोराला विचारतात, एक नंबरवर जे टाकलंयस तिथे खरंच जायचंय ना, कारण एक नंबरचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाहीस तर पुढच्या नेहमीच्या राउंडमधून बाहेर. किती पोरं तिथेच थांबतात आणि क्रम बदलतात. माझी पुतणी त्यातलीच, तिने मैत्रिणीचं कॉलेज वर टाकलं होतं, प्रश्न ऐकून गप्प झाली, आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन विचार करून आली. काकांनी तोपर्यंत दुसऱ्याचा फॉर्म घेतला, तिचा तसाच उघडा ठेवला.

टाटा आणि केईएम हॉस्पिटल जवळ असल्यामुळे दुकानात बाहेरगावची माणसं पण सतत असतात. रिपोर्टच्या झेरॉक्स, बायोप्सीचा कागद गावच्या डॉक्टरला स्कॅन करून पाठवायचा, उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्डाची प्रत, रेल्वे सवलतीच्या फॉर्मची प्रत, गावाहून भावाने यूपीआयवर पाठवलेल्या पैशाचा मेसेज आला का बघा. यांच्यातल्या बऱ्याच जणांना मराठी येत नाही, कोणी बंगालचं, कोणी बिहारचं. भाचा त्यांच्याशी हिंदीत बोलतो आणि हॉस्पिटलची फाइल दिसली की बाकीच्यांना बाजूला करून त्यांचं काम आधी घेतो. कोणी कुरकुर करत नाही, निदान मी असताना तरी नाही. फोन चार्ज करायला तीन चार पॉइंट बाहेरच्या बाजूला लावलेत, त्याचे पैसे घेत नाहीत. ज्याचं माणूस ॲडमिट आहे त्याच्या फोनची बॅटरी संपणं ही केवढी मोठी गोष्ट असते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

आता जे मला पटत नाही ते पण लिहिते, कारण नुसतं कौतुक करून उपयोग नाही.

सगळ्यात मोठी तक्रार व्हॉट्सॲपची. प्रिंट काढायची तर फाइल दुकानाच्या नंबरवर पाठवा, हीच पद्धत आहे, आणि मग कोणाकोणाचे आधार, पॅन, पासबुक, मेडिकल रिपोर्ट त्या एका कॉम्प्युटरवर पडून राहतात. सांगितलं तर समोर डिलीट करतात, डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून पण, पण सांगावं लागतं, आणि गर्दीत भाचा विसरतो. ओटीपीच्या बाबतीत एवढं कडक असलेल्या दुकानाने हे रोज संध्याकाळी न सांगता करायला पाहिजे. मी काकांना बोलले आहे, त्यांनी मान्य केलं, पण अजून तो नियम झालेला नाही. तोपर्यंत तुम्ही स्वतः उभं राहून डिलीट करून घ्या. आणि नुसती ओळख दाखवायला आधार लागत असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पूर्ण नंबरची झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहा.

दुसरं, रेटचा बोर्ड नाही. साधी प्रिंट, झेरॉक्स याचे पैसे ठरलेले आहेत आणि रास्त आहेत, पण फॉर्म भरायचे किती हे काम झाल्यावर कळतं. काकांकडून कधी जास्त लागलेले नाहीत, उलट पेन्शनवाल्यांकडून कमीच घेतात, पण भाचा कधी पन्नास सांगतो, कधी ऐंशी, त्याच कामाचे. नवीन माणसाने आधी विचारून घ्यावं. सरकारी फी वेगळी आणि दुकानाचे पैसे वेगळे असं पावतीवर लिहून मागितलं तर देतात, मागा.

तिसरं म्हणजे मराठी टायपिंग. काका श्रीलिपी या टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर तयार झालेले, अर्ज सुंदर टाइप करतात, ऱ्हस्व दीर्घ एकदम बरोबर, पण तीच फाइल तुम्ही घरी फोनवर उघडलीत तर नुसती चिन्हं दिसतात कारण तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. आधीच सांगायचं, काका युनिकोडमध्ये करा, म्हणजे ते फोनवर पण नीट दिसतं. करतात, फक्त त्यांचा स्पीड कमी होतो. प्रिंटच हवी असेल तर काही फरक पडत नाही.

बसायला जागा नाही ही तक्रार मी सोडून देते, एवढ्याशा गाळ्यात कुठून आणणार. पण म्हाताऱ्या माणसांसाठी पायरीवरची ती एक खुर्ची कायम बाहेर ठेवायला काय हरकत आहे, मागितल्यावर देतात. पावसात पायरी निसरडी होते, हात धरून चढवा.

अजून एक, हे दुकानाच्या हातात नाही तरी सांगते, म्हणजे उगाच त्यांच्यावर राग निघणार नाही. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल चालतच नाही. गोल फिरत राहतं. पैसे कटतात आणि पावती येत नाही. अशा वेळी काका परत पैसे भरू देत नाहीत, ट्रान्झॅक्शनचा स्क्रीनशॉट काढायला लावतात आणि थांबायला सांगतात, बहुतेक वेळा कटलेले पैसे काही दिवसांत परत येतात नाहीतर पेमेंट अपडेट होतं. मी समोर उभी असताना एक जण यावरून त्यांच्या अंगावर धावून गेला होता. काकांनी आवाज न चढवता त्याच्या बँक स्टेटमेंटची प्रिंट काढून दिली, पैसे कुठे अडकलेत ते दाखवलं, आणि त्या प्रिंटचे पैसे पण घेतले नाहीत.

मुलगा मला बोलतो, आई तुला हे सगळं घरी येतं मग तू त्या दुकानात का जातेस. मला येतं, त्यालाही येतं, पण त्याच्यासाठी हे सगळं जन्मापासून हाताशी आहे आणि म्हणून ज्याला येत नाही त्याला काय वाटतं हे त्याला दिसत नाही. घरी मी सासूबाईंचा फॉर्म भरते तेव्हा मी त्यांच्यावर ओरडते, घाई करते, खरं आहे. काका ओरडत नाहीत. शिवाय एखाद्या बाईला आपल्या खात्यात किती आहे हे सुनेला, मुलाला दाखवायचं नसतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी मुद्दाम दुपारी एकट्या जातात, पासबुक पदराखाली धरून. तिथे त्यांना आपल्या पैशाचं काम आपल्या हाताने करता येतं.

जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, अकराच्या आत. दुपारी दोन ते चार बंद, संध्याकाळी हॉस्पिटलची गर्दी. जूनमध्ये ॲडमिशनमुळे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनमुळे थांबावं लागणार हे धरूनच चला. आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा, चार्ज केलेला, त्यात रिचार्ज आहे ना बघा, कारण ओटीपीचा मेसेज आला नाही तर काका पण काही करू शकत नाहीत. पासबुकाचं पहिलं पान स्पष्ट दिसतंय का ते घरीच बघा. पैसे रोख किंवा यूपीआय, दोन्ही चालतात. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, रेटचा बोर्ड लागला आणि फाइली रोज डिलीट व्हायला लागल्या की पाचवा लगेच देईन.